उंबराच्या टप्प्यावर उतरवलेलं ओझं

घसा कोरडा पडलाय, जीभ टाळूला चिकटलीय, समोर पाण्यानं भरलेला ग्लास आहे आणि माणूस तो हातानं बाजूला सारतोय, असं तुम्ही कधी बघितलंय का? बघितलं असतं तर काय केलं असतं? हट्टी म्हातारा म्हणून मोकळे झाला असता? अंधश्रद्धेवर भाषण दिलं असतं? की मोबाईल काढून व्हिडिओ केला असता? खरं सांगा. कारण त्या रात्री सोंडमाळच्या डोंगरावर एकोणीस माणसं होती, शिकलेली, नोकरीधंद्याची, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी हे तिन्ही केलं. एका बाईनं मात्र यातलं काहीच केलं नाही. ती उठली, पदर खोचला आणि अंधारात डोंगर उतरायला लागली.

तिचं नाव सिंधु पवळे. वय त्रेचाळीस. माहेर उमरीकडचं, सासर चिंचधारचं. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची शीव जिथं बालाघाटाच्या डोंगरात शिरते, तिथलं हे पन्नास-साठ उंबऱ्यांचं गाव. नवरा व्यंकट अर्धापूरला केळीच्या गाड्या भरायला असतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. दीड एकर मुरमाड रान, चार शेळ्या आणि समोर सोंडमाळचा डोंगर. डोंगर काही तिच्या नावावर नाही, पण तिच्याइतका तो गावात कुणाला पाठ नाही. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती सीताफळाच्या राखणीला वर जाते. राखण म्हणजे दसरा-दिवाळीच्या दिवसांत महिनाभर डोंगरावरच मुक्काम. माकडं हाकलायची, डोळे उघडलेली फळं तोडायची, पाट्या डोक्यावर घेऊन खाली आणायच्या. त्या राखणीसाठीच गावच्या बायकांनी माथ्यावर दगडाच्या भिंती रचून, पत्रे आणि पळसाच्या फांद्या टाकून एक खोपट बांधलं. दरसाल सारवायचं, दरसाल शाकारायचं. त्याला दार आहे, कुलूप नाही.

दोन वर्षांमागं कुणीतरी त्या खोपटाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि खोपटाचं 'माउंटन हट' झालं.

तेव्हापासून लातूरच्या 'शिखरवेडे' नावाच्या ग्रुपचा सुदर्शन महिन्यातून एकदा गाडी भरून माणसं आणायला लागला. चांदण्यातला ट्रेक, माउंटन हटमध्ये मुक्काम, चुलीवरचं जेवण, सूर्योदय, सगळं समाविष्ट. सगळं समाविष्ट म्हणजे सिंधु समाविष्ट. माथ्यावर पाण्याचा थेंब नाही. मधल्या उंबराच्या टप्प्यावर झरा आहे, तो संक्रांत झाली की आटतो. म्हणजे एकोणीस माणसांच्या पिण्याचं, स्वयंपाकाचं, हात धुण्याचं पाणी खालूनच जायचं. डोक्यावर वीस लिटरचा कॅन, हातात दहाचा, अशा सकाळपासून खेपा मारून सिंधु ते वर नेऊन ठेवते. शिवाय पीठ, लाकडं, पातेली. संध्याकाळी माणसं आली की त्यांना वाट दाखवायची. साडीवर व्यंकटचा जुना शर्ट घालते, पायात प्लास्टिकचे बूट. बाजूनं चालणाऱ्या पोरी म्हणतात, "मावशी, तुमचा स्टॅमिना काय आहे हो!" सिंधु पुढं चालत राहते. स्टॅमिना म्हणे.

तिचं एकच घमेंडीचं बोलणं होतं, आणि ते ती कुणालाही तोंडावर ऐकवायची, "वीस वर्सं झाली, म्या डोंगरावं घेतलेलं ओझं वाटंत टाकलं न्हाई. फळाची पाटी असू दे नाही तर तुमची सॅक. घेतलं तर पोचवते. न्हाई जमणार तर घेतच न्हाई."

हे नीट ध्यानात ठेवा.

फाल्गुनातला शनिवार होता. ऊन असं की चारच्या सुमाराला सुद्धा दगडाला हात लावला तर चटका बसावा. गाडीतून माणसं उतरली, सुदर्शननं शिटी वाजवली, एकसारख्या भाड्याच्या निळ्या सॅक वाटल्या. त्या गर्दीत एक म्हातारा होता, पांढरंधोप धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. पंचाक्षरीअप्पा. शिरूर अनंतपाळला चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलेला माणूस. बायको गेल्यावर दुकान भावाला देऊन लेकीकडं लातूरला आलेले. लेक मंजुश्री, एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. वर्ष झालं अप्पा घराबाहेर पडेनात म्हणून तिनंच नाव नोंदवलं.

"अप्पांना शुगर आहे," मंजुश्रीनं सुदर्शनला सांगितलं. "हळूहळू चालतील."

"मॅडम, आपण सत्तरीच्या लोकांना पण नेलंय. डोन्ट वरी." आणि तो अप्पांकडं वळला. "काका, सॅकचा छातीचा पट्टा लावायचा. कंपल्सरी आहे."

पट्टा आवळला आणि अप्पांनी तोंड वाकडं केलं. सदऱ्याच्या आत त्यांच्या गळ्यात लिंग होतं. लिंगायत माणसाच्या गळ्यात असतं ते इष्टलिंग, एवढंसं काळ्या दगडाचं, चांदीच्या चौकीत म्हणजे झाकणाच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं. आठव्या वर्षी स्वामींनी बांधलं तेव्हापासून ते अंगावेगळं झालं नव्हतं. त्याची पूजा केल्याशिवाय अप्पा सकाळी चहा घेत नसत, संध्याकाळी जेवत नसत. पट्ट्याचं बक्कल नेमकं चौकीवर बसत होतं आणि चौकी छातीच्या हाडात रुतत होती.

"गळ्यात काय आहे काका? ते काढून ठेवा ना. जखम होईल."

आता यातली गोम बघा. दुसऱ्या कुणी ते काढून खिशात टाकलं असतं. अप्पांना ते चालणार नव्हतं, कारण लिंग बेंबीच्या खाली न्यायचं नसतं. खिसा खाली, कमरेचं पाकीट खाली. अप्पांनी इकडंतिकडं बघितलं आणि त्यांना सुचलं ते असं : सॅकच्या वरच्या झाकणाला एक छोटा कप्पा होता, चेन लावलेला. सॅक पाठीवर घेतली की तो कप्पा मानेच्याही वर यायचा. अप्पांनी चौकी धुवट रुमालात गुंडाळली, त्या कप्प्यात ठेवली, चेन ओढली. सॅक पाठीवर आहे म्हणजे लिंग अंगावर आहे, असा त्यांनी मनाशी हिशेब बसवला. छप्पन वर्षांत पहिल्यांदा गळा मोकळा झाला होता, म्हणून त्यांचा हात चालताना सारखा छातीकडं जात होता. त्याच कप्प्यात मंजुश्रीनं आधीच शेंगदाण्याच्या लाडवाची पुडी ठेवली होती. अप्पांनी ती बघितली पण बाजूला सारली नाही.

निघाले. पहिल्या चढालाच अप्पा मागं पडले, मंजुश्रीला त्यांनी हट्टानं पुढं धाडलं. आणखी दोघं मागं पडले, एक जाडजूड इंजिनिअर आणि गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक बाई. सिंधु त्यांच्यासोबत मागं राहिली. डोक्यावर शेवटचा कॅन होता. अप्पा थांबले की तीही थांबायची.

"तू थकत न्हाईस का गं तंगी?" अप्पांनी विचारलं.

"तंगी म्हंजे?"

"धाकटी भैन. आमच्याकडं कानडीत म्हणतेत."

"मग थांबू नका दादा, चला की. भैनीच्या डोक्यावं पाणी हाय, आपटलं तर तुम्हालाच प्यायला न्हाई!"

अप्पा हसले. वरच्या वळणावर मंजुश्रीला ते ऐकू आलं; वर्षभरात ते पहिल्यांदा हसले असं ती नंतर सांगत होती.

साडेपाचला उंबराचा टप्पा आला. मोठं उंबराचं झाड, खाली सपाट खडक, त्याच्या पायथ्याला आटलेला झरा. झाड लाल फळांनी लदबदलेलं. सिंधुनं वर बघितलं. पानांत शेपट्या हलत होत्या.

सुदर्शन वरून पळत खाली आला. घड्याळ बघत. "अरे, काय करताय? सूर्यास्ताचं शूट आहे, ड्रोन वर नेलाय. या तिघांच्या सॅक इथंच ठेवा. हलके होऊन चला. मावशी दुसऱ्या खेपेत आणतील."

सिंधुनं कॅन खाली ठेवला. "सर, इथं न्हाई ठेवायच्या. वर माकडं हायेत. चेनी बिनी सगळं फाडतेत."

"अर्ध्या तासानं तुम्ही येणारच ना परत?"

"वर जाऊन, कॅन ठेवून, परत यायला सव्वा-दीड तास लागतोय. त्यांच्या सॅक म्या घेते एक-एक टप्प्यानं, पण इथं सोडायच्या न्हाईत."

"मावशी." सुदर्शन हसला. ते हसू सिंधुच्या डोळ्यांपुढं अजून आहे. "तुमचं काम ओझं वाहायचं. प्लॅनिंग आमच्यावर सोडा."

अप्पा खडकावर डोळे मिटून बसले होते, चक्कर आल्यासारखे. हातात पाण्याची बाटली होती, दोन घोट प्यायले. सुदर्शननं मागून येऊन पट्टा सोडला आणि सॅक पाठीवरून काढून घेतली. "काका, सॅक येतेय वर. तुम्ही फक्त चला."

अप्पांना वाटलं, हा पोरगा सॅक घेऊन वर चाललाय.

आणि सिंधु गप्प बसली. वीस वर्षांत ती पहिल्यांदा गप्प बसली. तिनं कॅन उचलला आणि चालायला लागली. पुढं लोकांनी कुणाकुणाला शिव्या घातल्या, पण सिंधु सगळ्यात जास्त शिव्या घालते ती त्या वेळच्या स्वतःला. "माझी जीभ तवा कुठं मेली होती?" असं ती आजही म्हणते.

वर पोचून, कॅन ठेवून, चूल पेटवून ती परतली तेव्हा सूर्य बुडाला होता. उंबराखाली तीन सॅकांची दाणादाण उडाली होती. चेनी तुटलेल्या, कपडे झुडपात, बिस्किटांचे कागद खडकभर. लाडवाची पुडी फाडून चाटूनपुसून खाल्लेली. सिंधुनं मिळेल ते गोळा केलं, तिन्ही सॅक उचलल्या, एक पाठीवर, एक डोक्यावर, एक हातात, आणि सव्वाआठला वर खोपटापाशी आणून टाकल्या.

अप्पा हातपाय धुऊन, अंगाला भस्म लावून, घोंगडीवर पूजेला बसून होते. ओठ सुकलेले. चहा आला तसा परत गेला होता. पूजेआधी घोट नाही. सॅक समोर आली. त्यांनी झाकणाच्या कप्प्यात हात घातला. हात दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. कप्पा फाटला होता.

"लिंग," अप्पा म्हणाले. एवढंच.

मंजुश्रीला कळायला वेळ लागला. कळल्यावर तिनं बापाचा गळा चाचपला. "अप्पा, काढलं का तुम्ही? तुम्ही काढलं?"

अप्पांनी मान खाली घातली.

मग सुरू झालं सगळ्यांचं शहाणपण. इंजिनिअर म्हणाला, देव काय दगडात असतो काय. एक पोरगी मोबाईल धरून उभी राहिली. मंजुश्री ग्लास घेऊन गुडघ्यावर बसली. "अप्पा, पाणी घ्या. गोळी घ्यायचीय, जेवायचंय. खाली गेल्यावर स्वामींकडून दुसरं बांधून घेता येतं, तुम्हीच सांगितलंय मला."

"येतं. तोवर न्हाई." अप्पांनी ग्लास हातानं सारला. "नीर ब्याडा, मंजू. नको."

तेवढ्यात सुदर्शन पुढं आला आणि मोठ्या मनाचं म्हणून तो जे वाक्य बोलला ते ऐका. "काका, टेन्शन घेऊ नका. मी लातूरच्या सराफाकडून तुम्हाला नवीन चांदीचं करून देतो. यापेक्षा जड."

अप्पांनी पहिल्यांदा मान वर केली. "तुझी चांदी तुझ्या घरी ठेव."

सिंधु दारात उभी होती. तिचं आणि लिंगाचं काही नातं नव्हतं. तिच्या घरी खंडोबा, तिच्या घरी मटण. म्हाताऱ्याचा हट्ट तिला पटला असं पण नाही. तिला दिसत होतं ते एवढंच : बिनपाण्यानं, बिनअन्नानं, बिनगोळीनं हा माणूस उद्या दुपारपर्यंत तगणार नाही. आणि जी वस्तू वर पोचवायची म्हणून दिली होती ती पोचली नाही.

"मी बघून येते," ती म्हणाली. "पर अप्पा, घावलं तर म्या हात लावला तर चालतंय का?"

अप्पांनी तिच्या हातांकडं बघितलं. "दुसऱ्यानं लावायचा नसतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू लाव, तंगी. कमरेखाली नेऊ नको, तेवढं बघ."

"चला सर," सिंधु सुदर्शनला म्हणाली. "दोघं मिळून हुडकू."

"आत्ता? मावशी, रात्री उतरणं सेफ्टी रूलमध्ये बसत नाही. माझ्यावर ग्रुपची जबाबदारी आहे."

"सॅक सोडून यायला लावताना कुठं गेलता तुझा रूल?"

'तुझा' ऐकून सुदर्शनचा चेहरा लाल झाला. सिंधुनं हात लांब करून त्याच्या कपाळावरची बॅटरी पट्ट्यासकट ओढून काढली, स्वतःच्या डोक्याला बांधली आणि निघाली. "मंजूताई, तुमी बापापाशी बसा. ओठ ओले करू देत नसले तर नका करू, पर डोळा लागू देऊ नका. बोलत ठेवा."

सिंधु एकटी खाली आली ती शिव्या देतच. सुदर्शनला, त्या ड्रोनला, माकडांना, केमिस्ट्रीवालीला, गळ्यातलं काढून लाडवाच्या शेजारी ठेवणाऱ्या म्हाताऱ्यालाही. रुमाल तिला लगेच दिसला, फांदीला लटकलेला. पाऊण तासानं चौकी सापडली, झाकण चावून उचकटलेलं. आत काही नाही. मग तिनं खडकाचा इंच न् इंच रांगत चाचपला. करवंदीच्या जाळीत हात घातले, हात रक्तबंबाळ झाले. बॅटरी पिवळी पडली, मग विझली. चांदणं होतं, पण काळा दगड चांदण्यात काय दिसणार?

ती खडकावर बसली. रडली नाही, रडायची तिला सवय नाही. ती विचार करायला लागली, आणि तिनं विचार केला तो राखणदारणीसारखा. माकडानं फळ टाकलं तर ते कुठं जातं? हे तिला माहीत होतं. या उंबराखालून घरंगळलेलं प्रत्येक फळ, सीताफळ असो की उंबर, खडकाच्या उताराला लागतं, डावीकडं वळतं आणि आटलेल्या झऱ्याच्या तोंडाशी बायकांनी रचलेल्या दगडी ताटीला येऊन अडतं. माती अडावी म्हणून ती ताटी रचलेली. राखणीच्या दिवसांत सकाळी उठून पहिली पाटी तिथंच भरायची असते. पळून गेलेली फळं सगळी तिथं सापडतात.

झऱ्याच्या तोंडाशी ढोपरभर पालापाचोळा होता. सिंधुनं ओंजळ-ओंजळ पाला काढला. साप असेल, विंचू असेल, काढत राहिली. सडकी उंबरं, वाळकी उंबरं, किड्यांनी पोखरलेली उंबरं. पूर्वेला फटफटलं. आणि बोटांना एक असं लागलं की जे किडलेलं नव्हतं, सुरकुतलेलं नव्हतं, तुपात बुडवून काढल्यासारखं गुळगुळीत होतं.

तिनं ते बघितलं. काळं, एवढुस्सं. हात पदराला पुसले. पदराच्या टोकात बांधलं, पदर डोक्यावरून घेऊन गाठ टाळूवर आणली आणि एका हातानं ती गाठ धरून चढायला लागली.

वर काय चाललं होतं? सुदर्शनची शिटी. "सात वाजता खाली उतरायचं, गाडी थांबलीय. काकांना दोघं धरून नेऊ." अप्पा भिंतीला टेकून पडले होते. डोळे खोल गेलेले, बोलणं जड झालं होतं. मंजुश्री त्यांना शिरूरच्या दुकानाच्या गोष्टी विचारत होती, रात्रभर विचारत होती, तिचा आवाज बसला होता.

सिंधु आत गेली, गाठ सोडली आणि पदरच त्यांच्या ओंजळीत रिता केला.

अप्पांनी ओंजळ कपाळाला लावली. बोलण्यासारखं तोंड उरलं नव्हतं. हातानं खूण केली : पाणी. लिंगाला आधी, मग मला.

सिंधुनं कोपऱ्यातला कॅन तिरका केला. रिकामा. दुसरा रिकामा. तिसराही. एकोणीस माणसांनी सकाळी उठून चूळ भरली होती, तोंडं धुतली होती, फेसवॉश लावून धुतली होती, पातेली घासली होती, आणि सूर्योदयाच्या फोटोसाठी एकमेकांवर पाणी उडवलं होतं. म्हातारा तेरा तास तहानलेला आत पडला होता आणि बाहेर हे पाण्यानं खेळत होते!

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते त्या सकाळी सोंडमाळावर सगळ्यांनी बघितलं. सिंधु बाहेर आली. तिनं सुदर्शनच्या गळ्यातली शिटी हिसकावली आणि दरीत भिरकावली.

"बाटल्या काढा," ती म्हणाली.

कुणी हललं नाही.

"बाटल्या काढा म्हन्ले! परत्येकाच्या सॅकमधी हाय पाणी, मला ठाऊक हाय. खाली उतरताना लागंल म्हनून लपवून ठेवलाव. काढा!"

"मावशी, असं अग्रेसिव्ह..." सुदर्शननं तोंड उघडलं.

"मावशी कुणाची? त्रेचाळीस वर्सांची हाय मी, तुझ्यापरीस धा वर्सांनी मोठी. खाली जायची वाट मला ठाऊक हाय, तुला न्हाई. म्हातारा पाणी पिऊन उठंस्तोवर एक माणूस हिथून हलत न्हाई. गाडी थांबलीय? थांबू दे. ज्याला जायचंय त्यानं जावं, कड्यावरनं जावं, सरळ खाली पोचतंय!"

एक-एक बाटली बाहेर आली. इंजिनिअरची अर्धी. व्हिडिओवालीची पाऊण. सुदर्शनच्या सॅकमधून दोन निघाल्या, दोन्ही भरलेल्या, सीलबंद.

अप्पांनी तळहातावर लिंग ठेवलं, त्याच्यावर धार धरली, भस्म लावलं, डोळे मिटले. दोन मिनिटं. मग ग्लास हातात घेतला आणि ओठाशी नेता नेता थांबले. सिंधुकडं बघितलं. तिचे ओठही फुटले होते. रात्रभर तीही पाणी प्यालेली नव्हती.

"तंगी, आधी तू पी."

"मला शिकवू नका दादा," सिंधु खेकसली. "प्या आधी. गोळी घ्या. मग मला काय सांगायचं ते सांगा."

अप्पा प्याले. नऊ वाजता, भाकरी खाऊन, गोळी घेऊन, सिंधुचा हात धरून ते उतरायला लागले. लिंग गळ्यात, कापडाच्या चिंधीत शिवणीच्या दोऱ्यानं बांधलेलं. सॅक सुदर्शनच्या पाठीवर. ती त्यानं मागितली नव्हती, सिंधुनं घातली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सोमवारी सुदर्शननं ग्रुपच्या पेजवर लिहिलं. फोटोत अप्पा, मागं सूर्योदय. मजकूर असा : स्थानिक हमालाच्या निष्काळजीपणामुळे एका ज्येष्ठ सदस्याची मौल्यवान वस्तू वाटेत राहिली होती, आमच्या टीमनं प्रसंगावधान राखून ती रात्रीत शोधून काढली. खाली पाचशे बदाम. मंजुश्रीनं त्याखाली खरं काय ते लिहिलं. दहा मिनिटांत तिचं लिहिणं उडवलं, तिलाही उडवलं. मग तिनं सिंधुला फोन करून सगळं वाचून दाखवलं.

सिंधु ऐकत राहिली. "निष्काळजी कोन म्हन्ला?" तिनं परत विचारलं. तिला चोर म्हटलं असतं तर एवढं लागलं नसतं. वीस वर्षं न सोडलेलं ओझं त्यानं सोडायला लावलं आणि आता तेच तिच्या माथी मारलं.

पुढच्या महिन्यात सुदर्शन चिंचधारला दुसरी बाई बघायला आला. खोपट सारवणाऱ्या सगळ्या बायका चावडीपाशी बसल्या होत्या. एकही उठली नाही. त्यांतल्या थोरल्या रुद्राणीकाकूनं तर त्याला तोंडावर सांगितलं, "सिंधुची माफी त्याच पेजवर माग, आन् वाटंत तिचा शब्द शेवटचा ऱ्हाईल म्हनून लिव्हून दे. मग वर जा." तो गाडीत बसला, काच वर केली आणि निघून गेला.

आता तो पलीकडच्या अंगानं माणसं न्यायला लागलाय. तिकडं वाट नाही, निसरडा मुरूम आहे, उंबराची सावली सुद्धा नाही. सोबत गावचा एकही माणूस नाही. जाहिरात तीच, माउंटन हट तोच. पुढची तारीख पडलीय आणि नावं नोंदवणं चालू आहे. सिंधु रोज संध्याकाळी त्या बाजूचा कडा बघते आणि म्हणते, "एखांदं मानूस तिकडनं पडल्यावर ह्याला वाट ठाऊक न्हाई हे कळंल व्हय लोकांला?"

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. सोंडमाळ असो की दुसरा कुठलाही डोंगर, नाव नोंदवायच्या आधी विचारा : सोबत त्या गावचा वाटाड्या आहे का, आणि वाटेत त्याचा शब्द चालणार का? नाही म्हणाले तर जाऊ नका. आणि गेलातच, वाटाडीण 'इथं नको' म्हणाली आणि शिटीवाला 'चला' म्हणाला, तर हे एवढं करा : सॅक पाठीवरून काढू नका, पुढं पाऊल टाकू नका, आहात तिथंच तिच्या शेजारी खाली बसा आणि तो ऐकेपर्यंत उठू नका.